मानेची कुठली बाजू?

माझी पुतणी हॉस्पिटलच्या तळघरात बसून माणसांचे आकडे करायची. म्हणजे वर वॉर्डात कोणाचं काय दुखतंय, काय कापलं, काय शिवलं हे डॉक्टर लोक लिहून खाली पाठवत, आणि ही ते वाचून प्रत्येक दुखण्याला त्याचा ठरलेला नंबर लावत असे. या कामाला कोडिंग म्हणतात. नंबर लागला की फाईल पुढे सरकते, विमावाल्यांची मंजुरी येते, ऑपरेशनची वेळ पक्की होते, बरा झालेला माणूस घरी जातो. नंबर लागला नाही तर तुम्ही कितीही ठणठणीत असा, कागदावर आजारीच. सव्वीस वर्षं तिने हे केलं आणि त्या सव्वीस वर्षांत एकही पेशंट धड डोळ्यांनी पाहिला नाही. पण फाईल न उघडता नुसती तळहातावर तोलून सांगायची, "काका, हे मूत्रपिंड आहे, सांभाळून धरा." आणि तेच निघायचं. एकदाच चुकली. त्या वेळी फायलीत कोणीतरी आपला जेवणाचा डबा विसरला होता.

मी तिचा सख्खा काका, माझ्या थोरल्या भावाची ती मुलगी. माझ्याहून नऊच वर्षांनी लहान, त्यामुळे मला धाक असा कधी दाखवता आलाच नाही. त्याच तळघरात मी फायली वाहायचो. चाकांच्या गाडीवर गठ्ठे रचायचे, लिफ्टने खाली आणायचे, वर न्यायचे. ही नोकरी तिला मीच सुचवली होती आणि ते मी तिला दर आठवड्याला ऐकवायचो.

तिला सगळे पाचर म्हणत. हे नाव पाडलं आमच्या साहेबांनी. एकदा एका फायलीत 'पाय मोडला' एवढंच लिहून आलं होतं. कुठला पाय, कुठे मोडला, काही पत्ता नाही. हिने फाईल परत पाठवली. ती फाईल सात वेळा वर गेली, सात वेळा खाली आली, आणि तिच्यात एक शब्द वाढायच्या आत तो पाय जुळून माणूस धावण्याच्या शर्यतीत तिसरा आला. साहेब म्हणाले, "ही बाई नव्हे, पाचर आहे. जिथे ठोकाल तिथे सगळं अडतं." नाव चिकटलं. तिला ते आवडलं असावं, कारण एकदा फोन उचलताना तीच म्हणाली, "हं, पाचर बोलतेय."

साहेबांना आम्ही उरका म्हणत असू. त्यांच्या तोंडात तो एकच शब्द होता. न्हाव्याने विचारलं, दाढी करू की केस कापू, तर म्हणाले, "जे आधी उरकेल ते." माणूस वाईट नव्हता. त्यांच्यावरही वरून कोणीतरी असंच उरका उरका करत असणार. पण त्यांनी एक नियम मात्र स्वतःच्या डोक्यातून काढला होता. कोडिंगवाले सोप्या फायली आधी निवडतात आणि अवघड मागे ढकलतात, अशी त्यांना शंका. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवाल्याकडून कुलूप बसवून घेतलं. रांगेतली पहिली फाईल बंद झाल्याशिवाय दुसरी उघडणारच नाही. त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला होता.

तर तो मंगळवार. कोडिंगचे बाकीचे दोघे रजेवर. तळघरात ती, मी आणि छताखालून जाणारा तो जाडजूड पाइप, ज्यातून वरच्या मजल्यांवरचं सांडपाणी दिवसभर पोट बिघडल्यासारखं गुरगुरायचं.

सकाळी रांगेच्या तोंडाशी आली ती घाऊक बाजारातल्या लिलाववाल्याची फाईल. हा माणूस मी स्वतः ऐकलेला आहे. त्याने 'एक वार' म्हटलं की पलीकडच्या गल्लीतल्या दुकानांतले तराजू हलत, 'दोन वार'ला कबुतरं छप्पर सोडत, आणि 'तीन वार' तो मुद्दाम हळू म्हणायचा, बाजार जागेवर राहावा म्हणून. पण आवाज असला म्हणून मानेतल्या धमन्या कोणाला भीत नाहीत. मानेच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणारी एकेक मोठी धमनी असते. जुन्या नळात क्षार धरतो तशी ती आतून धरते आणि अरुंद होत जाते. त्या थराचा एखादा कण सुटून वर गेला की संपलंच. लिलाववाल्याला त्याची चुणूक मिळाली होती. पुकारता पुकारता त्याच्या डाव्या हातातली वही गळून पडली. पाच मिनिटं तो हात दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा खांद्याला लोंबत राहिला आणि मग मुकाट्याने परत आला. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, तपासण्या केल्या. बुधवारी सकाळी आठ वाजता मान उघडून ती धमनी आतून साफ करायची, असं ठरलं.

आता या दुखण्याच्या नंबरात सगळी गंमत शेवटच्या आकड्यात आहे. एक म्हणजे उजवी धमनी, दोन म्हणजे डावी, तीन म्हणजे दोन्ही, आणि नऊ म्हणजे कुठली बाजू ते लिहिलेलंच नाही.

मी गठ्ठा ठेवला, तिने चष्मा चढवला, आणि दहा मिनिटांनी ती म्हणाली, "काका, हा माणूस किती वेळा दाखल झालाय?"

"एकदाच. का गं?"

"इथे अकरा वेळा झालाय. रोज सकाळी."

मी वाकून पाहिलं. खरंच. अकरा दिवसांच्या अकरा नोंदी आणि प्रत्येकीत पहिलंच वाक्य, 'आज सकाळी दाखल. डाव्या बाजूची धमनी अरुंद.' वॉर्डातल्या डॉक्टरने पहिल्या दिवशी लिहिलं होतं, आणि पुढचे दहा दिवस आदल्या दिवसाचं उचलून खाली चिकटवलं होतं. कॉम्प्युटर आल्यापासून वॉर्डात ही खोड लागली. वेळ वाचतो. अकरा दिवस तो बिचारा रोज उठून नव्याने दाखल होत होता आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बरं, मग डावी," मी म्हटलं. "दोन टाक."

तिने तळाचा कागद वर काढला. सोनोग्राफीवाल्या बाईंचा रिपोर्ट. मानेच्या दोन्ही बाजूंवर यंत्र फिरवून बाईंनी स्वच्छ लिहिलं होतं. उजवी धमनी ऐंशी टक्के अरुंद. डावी मोकळी.

पाइप गुरगुरला. मी म्हटलं, "अगं म्हणजे..."

"म्हणजे काही नाही," ती म्हणाली. "मी कोडिंगवाली आहे. म्हणजे काय ते डॉक्टर सांगतील."

इथे त्या धंद्याचा कायदा सांगायला हवा. कोडिंगवाल्याने स्वतः डॉक्टर व्हायचं नाही. फायलीत लिहिलंय त्याचाच नंबर. लिहिलेलं आपापसात भांडत असेल तर डॉक्टरला लेखी प्रश्न विचारायचा, आणि त्या प्रश्नात उत्तर दडवायचं नाही. 'उजवीच आहे ना?' असं विचारलं तर तो प्रश्न नव्हे, ते ढोसणं झालं. त्यावर नोकरी जाते. म्हणून तिने सर्जनना पाठवलं ते एवढंच: 'नोंदींमध्ये व रिपोर्टमध्ये बाजूबाबत तफावत आहे. अरुंद धमनी कोणत्या बाजूची, व कशाच्या आधारे, ते कृपया लेखी कळवावे.'

वीस मिनिटांनी वरून उत्तर आलं. 'नोंदींप्रमाणे.'

तिने पुन्हा पाठवलं. 'कोणत्या नोंदीप्रमाणे?'

यावर वरून काहीच आलं नाही. खाली आले ते उरका साहेब.

"मॅडम, रांग का थांबलीय?"

"प्रश्न गेलाय साहेब, उत्तर यायचंय."

"बाजू कळत नसेल तर नऊ टाका आणि उरका."

"नऊ म्हणजे बाजू लिहिलेली नाही. इथे लिहिलेली आहे. दोनदा लिहिलेली आहे."

"मग तीन टाका. दोन्ही! दोघांचंही समाधान."

"एकाने डावी म्हटलं, एकाने उजवी म्हटलं, म्हणून दोन्ही बिघडल्या? असं असतं तर साहेब, भांडणारी दोन माणसं मिळून एक शहाणा माणूस झाला असता."

साहेबांनी नोंदी मोजल्या. बोट लावून, मोठ्याने. "अकरा वेळा डावी. एकदा उजवी. अहो, मतदान घेतलं तरी डावी निवडून येते!"

"अकरा कसल्या? एकच आहे. बाकी दहा त्याच्याच सावल्या."

"पण ऑपरेशनच्या आधी डॉक्टर बघतीलच की."

"बघतील. कशात बघतील? याच फायलीत. आणि तिच्या तोंडावर माझा नंबर असेल. मी दोन लिहिले तर त्याची डावी मान उघडतील. चांगली धमनी चिरतील आणि सडकी तशीच ठेवतील."

साहेबांनी नोंदींवरून बोट उचललं. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही ना! तेच तर सांगतेय सकाळपासून."

साहेब निघून गेले आणि खिडकीवर थाप पडली. तळघराला नातेवाइकांसाठी एक जाळीची खिडकी होती, हॉस्पिटलातली दोन नंबरची. जाळीपलीकडे एक उंच, हाडापेराने दणकट बाई उभी, हातात थर्मास. लिलाववाल्याची बहीण. आवाज त्यांच्या घरातच होता, हे पहिल्या शब्दाला कळलं. माझ्या गाडीची चाकं आपोआप दोन बोटं मागे सरकली.

"अहो बाई! माझ्या भावाची मंजुरी अडवून कोण बसलंय इथे? वर म्हणतात, खाली पाचर बसलीय."

"मीच."

"का पण? काय वाकडं केलंय त्याने तुमचं?"

आणि इथे हिचं तोंड बांधलेलं. नोंदींतला घोळ नातेवाइकांना सांगायचा नाही, हाही नियम. जोवर डॉक्टरने उत्तर दिलं नाही तोवर तो घोळही नाही, नुसता प्रश्न आहे.

"तपासणी चालू आहे," ही म्हणाली.

"कसली तपासणी? तपासायचं ते तपासून झालं! अकरा दिवस तो उशीवर डोकं ठेवताना घाबरतो. मान वळवत नाही. मला हाक मारायची तर अख्खा वळतो, कपाटासारखा. आणि तुम्ही इथे पंख्याखाली बसून कागद चिवडताय! तुमचा भाऊ असता तर?"

"माझा भाऊ असता तरी एवढंच केलं असतं."

"असल्या बहिणीपेक्षा दगड बरा," ती म्हणाली आणि थर्मास जाळीवर आपटून गेली.

मी म्हटलं, "अगं, एक शब्द सांगितला असतास तर तिने वर जाऊन छप्पर उडवलं असतं. आपोआप काम झालं असतं."

"काका, तिने आरडाओरडा करून डॉक्टरने घाईत 'उजवी' लिहिलं तर काय उपयोग? आज ती ओरडली म्हणून उजवी, उद्या दुसरं कोणी ओरडलं म्हणून डावी. त्यांनी वाचून लिहायला हवं." एवढं बोलून तिने डबा उघडला आणि जेवली. व्यवस्थित, चावून. मला मात्र घास गिळताना सारखी स्वतःच्या मानेची आठवण येत होती.

दुपारपर्यंत साहेबांच्या कुलपाने आपले रंग दाखवले. पहिली फाईल अडलेली, म्हणून मागची एकही उघडेना. अख्खं हॉस्पिटल त्या एका मानेमागे उभं राहिलं. बाळंतपणाच्या वॉर्डात सात बाळं टाहो फोडत होती, पण कागदोपत्री ती अजून पोटात होती. एक आजोबा बरे होऊन, बूट घालून, छत्री काखेत धरून दारात उभे होते. नोंदीत ते बेशुद्ध, म्हणून रखवालदार त्यांना सोडेना, आणि बेशुद्ध माणसाशी वाद कसा घालायचा हेही त्याला कळेना. एका बाईंनी नवऱ्याचं अपेंडिक्स बाटलीत घालून मागितलं, तर उत्तर मिळालं की ते अजून त्याच्या पोटात आहे, संध्याकाळनंतर या. त्या दिवशी दुपारी बारा ते पाच, लिहून घ्या, त्या इमारतीत कागदावर कोणी जन्मलं नाही, कोणी मेलं नाही, कोणाचं नखसुद्धा वाढलं नाही.

साहेब धावत आले, कॉम्प्युटरवाल्याला सोबत घेऊन. "कुलूप काढ."

"काढतो," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "फक्त इथे सही करा. आणि कारण लिहा, तुमच्या हाताने. प्रश्न बाकी असताना फाईल सोडली, असं."

साहेबांनी पेन काढलं. पेनाकडे पाहिलं. परत खिशात ठेवलं. "हा रकाना कोणी ठेवला?"

"तुम्हीच साहेब. उगाच कोणी कुलूप काढू नये म्हणून."

मी गठ्ठ्याआड तोंड लपवलं. साहेबांनी मोर्चा हिच्याकडे वळवला. आता आवाज वेगळा होता, खालचा. "मॅडम, सव्वीस वर्षं झाली तुम्हाला. चार वर्षांनी निवृत्त व्हाल. का स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? मी लेखी आदेश देऊ का?"

"द्या ना. मी फायलीला जोडते."

"तुम्ही नाही टाकत ना? ठीक आहे. मी टाकतो नंबर."

ती उठली. खुर्ची पुसली. खरंच पदराने पुसली, आणि बाजूला उभी राहिली. "बसा साहेब. फक्त माझं नाव काढून तुमच्या नावाने आत जा."

साहेब बसले. स्वतःचं नाव घातलं. फाईल उघडली. मी सांगतो, त्या क्षणी पाइपसुद्धा गुरगुरायचा थांबला. साहेबांचं बोट दोनच्या कळीवर गेलं आणि तिथेच थांबलं. किती वेळ? माझी पाच वेळा गाडी लावून झाली, दोनदा पाणी पिऊन आलो, बोट तिथेच. बोटाच्या टोकाला घामाचा थेंब जमला, पडेल आणि तोच दोन दाबेल असं मला वाटलं. मग साहेबांचा दुसरा हात नकळत वर आला आणि स्वतःच्या मानेवर जाऊन बसला. डाव्या बाजूला.

ते उठले. "मी सर्जनना खाली बोलावतो," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी 'उरका' न म्हणता वाक्य संपवलं.

सर्जन तळघरात येणं म्हणजे चंद्राने जिन्यावरून उतरण्यासारखं. हात असे की चालू पंख्याचं पातं शिवतील आणि पंख्याला कळणार नाही. एकदा म्हणे त्यांनी कोळ्याचं जाळं उसवून पुन्हा घातलं, आणि कोळी परत येऊन मुकाट्याने बसला. पण कागदाशी त्यांचं सख्य नव्हतं. कागद म्हणजे वॉर्डातल्या डॉक्टरांनी भरायचा आणि त्यांनी खाली सही करायची, असा रिवाज.

"पाचर कोण?"

"मी," ती म्हणाली आणि स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत.

"तुम्हाला माहितीये मी दिवसाला किती माना उघडतो?"

"आज एकच विचारायची आहे सर."

"डावी. झालं? लिहा."

"तुम्ही लिहून द्या. आणि कशावरून, तेही."

"मी तोंडाने सांगतोय ना!"

"तोंडाने सांगितलेल्याला नंबर नसतो."

सर्जननी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे. मग ते हिच्या टेबलावर दोन्ही मुठी टेकून वाकले. "हे बघा मॅडम. तुम्हाला काहीतरी दिसलंय. सकाळपासून मला कोड्यात घालताय. काय दिसलंय ते सरळ सांगा, मी तसं लिहितो, दोघंही मोकळे."

मला वाटलं, आता सांगेल. माझ्याच जिभेवर 'उजवी' येऊन बसलं होतं, मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

"काय?"

"मी सांगितलं तर ते माझं उत्तर होईल. तुमची सही असलेलं माझं उत्तर. मला मान उघडता येत नाही सर. ज्याला येते त्याने ठरवायचं. मी फक्त विचारू शकते. कुठली बाजू, आणि कशावरून?"

"आणि मी नाही दिलं उत्तर तर?"

"तर ही फाईल इथेच राहील. उद्या आठ वाजता, परवा आठ वाजता. मी रजा घेत नाही, काका साक्षीला आहेत. मला हलवायचं तर खुर्चीसकट उचलावं लागेल, आणि खुर्ची जमिनीला ठोकलेली आहे."

ते खोटं होतं, खुर्चीला चाकं होती. पण ते तिने अशा काही आवाजात सांगितलं की सर्जननी वाकून खाली पाहिलं.

मग त्यांनी चिडून फाईल ओढली, पेन काढलं, आणि लिहायला सुरुवात केली. 'डावी बाजू, आधार:' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. आधार लिहायचा म्हणजे पान उघडणं आलं. त्यांनी शेवटची नोंद उघडली. मग तिच्या आधीची. मग तिच्याही आधीची. "हा रोज दाखल होतोय?" ते हसले. कोणी हसलं नाही तेव्हा तेही थांबले. पानं उलटत ते पहिल्या दिवसावर आले. मग सोनोग्राफीचा कागद. मग पुन्हा पहिला दिवस. या वेळी त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"डावा हात लुळा पडला होता," ते शेवटी म्हणाले, आमच्याशी नव्हे, कागदाशी. "म्हणून वॉर्डातल्या डॉक्टरने डावी धमनी लिहिली. गाढव." मग मला उद्देशून, कारण सगळ्यात अडाणी चेहरा माझाच होता: "काका, मेंदूचा उजवा भाग डावा हात चालवतो. डावा हात गेला तर संशय उजव्या धमनीवर घ्यायचा. पहिल्या वर्षाला शिकवतात."

"मग अकरा दिवस कोणीच कसं..." मी म्हणालो आणि हिने माझ्या पायावर पाय दिला.

सर्जननी अर्धवट लिहिलेली ओळ खोडली. फोन उचलला आणि सोनोग्राफीवाल्या बाईंना सांगितलं, त्या लिलाववाल्याची मान आत्ताच्या आत्ता पुन्हा तपासा, मी स्वतः येतोय. तासाभराने ते परत खाली आले, या वेळी जिन्याने. त्यांनी उभ्याउभ्या लिहिलं. 'उजवी बाजू. आधार: मूळ रिपोर्ट, आज स्वतः समक्ष केलेली फेरतपासणी, व डाव्या हाताची लक्षणे. आधीच्या नोंदी चुकीच्या.' सही केली. पूर्ण, वाचता येण्यासारखी.

तिने एक टाकला. वरच्या मजल्यावर एकदम सात बाळं जन्मली, आणि छत्रीवाले आजोबा शुद्धीवर येऊन घरी गेले.

पण विमावाल्यांचं दुकान पाचला बंद झालं होतं. ऑपरेशन गुरुवारवर गेलं.

सर्जन निघताना दारात थांबले. "तो प्रश्न मागे घ्या आता. उत्तर मिळालं तुम्हाला. वीस वर्षांत माझ्या एकाही फायलीत असा प्रश्न नाही."

"म्हणजे वीस वर्षांत कोणी विचारलं नाही," ती म्हणाली.

"मागे घ्या मॅडम," साहेब कळवळून म्हणाले. "उरका ना."

"प्रश्न ज्याने विचारला त्यालाच मागे घेता येतो ना साहेब? मग नाही घेत. उद्या कोणी ही फाईल उघडली तर त्याला दिसू दे, इथे काय होणार होतं."

सर्जन जिना चढून गेले. बुधवारी सकाळी तिच्या टेबलावर मेमो आला. 'कामकाजात पाच तास अडथळा आणल्याबद्दल समज देण्यात येत आहे. यापुढे असा प्रकार घडणार नाही, याची लेखी हमी द्यावी.' तिने तो दोनदा वाचला आणि खाली लिहिलं, 'लागेल तेव्हा पुन्हा घडेल,' तारीख घातली, सही केली, आणि मला म्हणाली, "काका, वर नेऊन द्या. पोच घ्या." मी पोच घेतली. साहेबांनी ते वाचून माझ्याकडे असं पाहिलं की जणू तिला जन्म मी दिला होता.

पाच दिवसांनी खिडकीवर पुन्हा थाप पडली. तीच बहीण. घरी जायचे कागद न्यायला आलेली. या वेळी थर्मास नव्हता, पण आवाज होता.

"झालं एकदाचं! उजव्या बाजूला एवढी मोठी पट्टी, पण मान वळवतो आता. सकाळी नर्सला औषधाच्या बाटल्यांचा लिलाव करून दाखवला. नुसती कुजबुज केली, तरी तीन वॉर्डांतून बोली आली." मग तिने जाळीला तोंड लावलं. "तरी बरं मी त्या दिवशी ओरडले! ओरडल्याशिवाय तुम्ही लोक हलत नाही."

मी कागद ठेवले आणि जाळीकडे निघालो. सव्वीस वर्षांची तिची शिस्त मी त्या क्षणी एका वाक्यात मोडणार होतो. हिने माझ्या सदऱ्याचं टोक धरलं.

"तुम्ही ओरडला नसतात तरी एवढाच वेळ लागला असता," ती बहिणीला म्हणाली.

"वा! वर तोंड करून सांगतेय! एक अख्खा दिवस वाया घालवलात आमचा. तो दिवस आम्ही कसा काढला ते आम्हाला ठाऊक. मी तक्रार करणार आहे तुमची."

"करा."

"कुठे करायची?"

हिने खणातून तक्रारवही काढली, पेन ठेवलं आणि जाळीखालून सरकवली. बहिणीने तावातावाने लिहिलं आणि वही परत ढकलली. हिने चष्मा चढवून वाचलं आणि मान हलवली.

"हे असं चालणार नाही. 'एका बाईने उगाच अडवलं' असं लिहिलंय तुम्ही. कुठल्या बाईने? कुठल्या खिडकीवर? किती वाजता? असं मोघम लिहिलंत तर मला काही होणार नाही."

बहीण तिच्याकडे बघत राहिली.

"लिहा," ही म्हणाली. "तळघर, खिडकी क्रमांक दोन, मंगळवार, दुपारी सव्वा बारा. कोडिंगच्या बाई, चष्मा, आज आहे तीच हिरवी साडी. आणि सही वाचता येईल अशी करा."

बहिणीने वही पुन्हा ओढून घेतली आणि एकेक शब्द लिहून काढला. हिरव्या साडीपाशी थांबून तिने एकदा जाळीतून वर पाहिलं, आणि 'फिकट हिरवी' असं केलं.